निकाल आधी कळला, तर मतदार घरीच थांबतो का?

नागपुरात राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९ एप्रिल २०२४ रोजी नागपूरने लोकसभेसाठी मतदान केले आणि निकालासाठी ४ जूनपर्यंत, म्हणजे ४६ दिवस, वाट पाहिली. देशातील शेवटचा टप्पा १ जूनला संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे (एक्झिट पोलचे) अंदाज दाखवायलाही बंदी होती. प्रसारमाध्यमांनी निकाल लवकर सांगितला तर उरलेले मतदार केंद्राकडे फिरकत नाहीत, अशी जी भीती या बंदीमागे आहे तिला काही पुरावा आहे का, की मतदाराला उगाचच अजाण समजले जाते आहे? आणि नागपूरचे मतदान जे ५४-५५ टक्क्यांवर अडकले आहे, त्याचा याच्याशी काही संबंध लागतो का?

विदर्भातील निवडणूक सर्वेक्षणांच्या क्षेत्रकामात मी पंचवीसहून अधिक वर्षे घालवली आहेत. मतदान केंद्राबाहेर उभे राहून मतदारांना प्रश्न विचारणे, मतदानानंतर यादीतील नावांप्रमाणे घरोघरी जाणे आणि मग आलेल्या उत्तरांपैकी किती खरी मानायची यावर रात्री वाद घालणे, हे ते काम. त्यामुळे या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर मला देता येत नाही. परिणाम होतो, हे मी मान्य करतो. परंतु तो किती होईल हे ठरवणारी एक साखळी आहे, आणि तिची प्रत्येक कडी तपासल्याशिवाय आकडा बोलणे हे आमच्या व्यवसायात बेजबाबदारपणाचे मानले जाते.

पहिली कडी अशी की बातमी आली त्या क्षणी मतदान व्हायचे किती मतदार शिल्लक होते. त्यांच्यापैकी किती जणांच्या कानावर ती बातमी गेली, ही दुसरी. ज्यांनी ऐकली त्यांच्या आधीच्या समजाला तिने धक्का दिला, की त्यांना ठाऊक असलेलेच पुन्हा सांगितले, ही तिसरी. आणि ज्यांचा समज बदलला त्यांच्यापैकी कितीजण मुळातच ‘जावे की न जावे’ अशा काठावर होते, ही चौथी आणि बहुतेक वेळा सर्वांत आखूड कडी. प्रत्येक कडीवर संख्या गळत जाते. सुरुवातीला लाख दिसणारा आकडा शेवटी शेकड्यात किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडाचे आहे. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत तेथील वाहिन्यांनी पूर्वेकडील वेळेनुसार संध्याकाळी ८ वाजायला दहा-अकरा मिनिटे असताना फ्लोरिडा अल गोर यांनी जिंकल्याचे जाहीर केले. राज्याच्या पश्चिमेकडील पट्ट्यातील घड्याळ मात्र एक तासाने मागे आहे, आणि तेथील केंद्रे बंद व्हायला तेव्हा ती दहा-अकरा मिनिटे बाकी होती. हा पट्टा गोर यांचे प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांच्या बाजूचा. पुढे वाहिन्यांनी ती घोषणा मागे घेतली, मध्यरात्रीनंतर बुश जिंकल्याचे सांगितले, तेही मागे घेतले, आणि अखेर अधिकृत निकालात बुश ५३७ मतांनी विजयी ठरले. एवढ्या निसटत्या फरकामुळे साहजिकच ओरड झाली की त्या चुकीच्या घोषणेने बुश यांची हजारो मते बुडाली. काही संख्याशास्त्रीय विश्लेषणांनी हा आकडा दहा हजारांपर्यंत नेला.

हेन्री ब्रॅडी या राज्यशास्त्रज्ञांनी याच दाव्याची कडी कडी सुटी केली. त्या पट्ट्यात प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी केंद्रावर येऊन मत देणारे सुमारे ३,०३,००० लोक होते. मतदानाचे बारा तास म्हणजे दहा मिनिटांचे ७२ तुकडे. म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत सुमारे ४,२०० मतदार येणार होते. त्यांच्यापैकी फार तर पाचव्या हिश्शापर्यंत ती बातमी पोहोचली असेल, म्हणजे ८४० जणांपर्यंत. या ८४० मध्ये बुश यांचे मतदार दोन तृतीयांश धरले तर ५६०. बातमी ऐकून दहा टक्के माघारी फिरले असे मानले तर ५६ मते गेली, आणि गोर यांचेही काही मतदार त्याच बातमीने सैल पडले असतील हे लक्षात घेतले तर निव्वळ तोटा २८ च्या आसपास उरतो. दहा हजार कुठे आणि अठ्ठावीस कुठे! माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या सर्वेक्षकाला मी हा हिशेब फळ्यावर मांडायला लावतो, कारण संगणकातून निघालेला मोठा आकडा पाहून भारावून जाण्याची सवय त्यामुळे लवकर मोडते.

आपल्याकडे मात्र हा हिशेब जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण आपले मतदान दिवसभर सारखे पसरलेले नसते. नागपुरात एप्रिलच्या उन्हात सकाळी सात ते अकरा या वेळात रांगा लागतात, दुपारी केंद्रे ओस पडतात आणि साडेचारनंतर पुन्हा गर्दी होते. शिवाय बंद होण्याच्या वेळी जे रांगेत उभे असतात त्यांना मतदान केंद्राध्यक्ष शेवटच्या माणसापासून सुरुवात करून क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, आणि त्या सर्वांचे मतदान होईपर्यंत केंद्र चालू राहते. महाराष्ट्र विधानसभेच्या नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत संध्याकाळी ५ वाजताचा जाहीर आकडा ५८ टक्क्यांच्या पुढे होता आणि अंतिम आकडा ६६ टक्क्यांवर गेला. त्यावरून झालेल्या राजकीय वादात मी शिरत नाही. पाच वाजताचा आकडा केंद्रांकडून तोंडी घेतलेला अंदाज असतो आणि अखेरच्या तासाची गर्दी त्यात नसते, एवढेच येथे पुरेसे आहे. म्हणजे आपल्याकडे ‘शेवटची दहा मिनिटे’ ही चीज फ्लोरिडापेक्षा वजनदार आहे.

आता साखळीचे दुसरे टोक पाहू, जेथे दहा मिनिटे नव्हे तर जवळजवळ संपूर्ण दिवस शिल्लक असतो. फ्रान्सचे काही सागरपार प्रदेश पॅरिसच्या खूप पश्चिमेला आहेत. फ्रेंच पॉलिनेशियाचे घड्याळ उन्हाळ्यात पॅरिसपेक्षा बारा तास मागे असते, म्हणजे तेथे रविवारी सकाळी आठला केंद्र उघडते तेव्हा पॅरिसमध्ये रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि दूरचित्रवाणीवर नव्या राष्ट्राध्यक्षांचा चेहरा झळकलेला असतो. ग्वादेलूप आणि मार्टिनिकमध्ये हीच बातमी दुपारी पोहोचत असे. २००५ च्या सुधारणेनंतर या प्रदेशांचे मतदान एक दिवस अलीकडे, शनिवारी, घेण्यात येऊ लागले आणि २००७ ची अध्यक्षीय निवडणूक त्या पद्धतीने झाली. तेच लोक आणि तीच बेटे, फक्त एकदा निकाल ठाऊक असताना मतदान आणि एकदा ठाऊक नसताना. अभ्यासकाला याहून स्वच्छ प्रयोग हाताने मांडता आला नसता. मॉर्टन, म्युलर, पेज आणि टॉर्गलर या चार संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, निकालाचा अंदाज आधी कळल्यामुळे मतदान सुमारे ११ टक्के बिंदूंनी, म्हणजे शंभर मतदारांमागे सुमारे अकराने, घटत होते. जे तरीही मतदानाला गेले त्यांचा कल जिंकणाऱ्याकडे झुकत असल्याचेही त्यांना आढळले. आपण ज्याला वारा पाहून पाठ फिरवणे म्हणतो, तो प्रकार.

अठ्ठावीस मते आणि अकरा टक्के बिंदू हे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, आणि येथेच बहुतेक चर्चा घसरतात. एकजण फ्लोरिडा पुढे करून बंदी निरर्थक ठरवतो, दुसरा फ्रान्स पुढे करून ती अपरिहार्य ठरवतो. फरक आहे तो पहिल्या कडीत.

तिसऱ्या कडीबद्दल, म्हणजे बातमीने आधीचा समज बदलतो की नाही याबद्दल, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अनुभव उपयोगी पडतो. १९६४ साली लिंडन जॉन्सन प्रचंड मताधिक्याने जिंकणार हे निवडणुकीआधीच सर्वांनी गृहीत धरले होते; त्या वेळी कॅलिफोर्नियात केलेल्या अभ्यासांना लवकर जाहीर झालेल्या निकालाचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. १९८० मध्ये मात्र रेगन आणि कार्टर यांच्यातील लढत चुरशीची होईल असे शेवटपर्यंत लिहिले जात होते. एनबीसी या वाहिनीने पूर्वेकडील वेळेनुसार रात्री सव्वाआठ वाजता, म्हणजे कॅलिफोर्नियात संध्याकाळी सव्वापाच वाजता, रेगन यांचा विजय जाहीर केला. आणि कॅलिफोर्नियातील केंद्रे बंद व्हायला तासाहून अधिक वेळ असताना कार्टर यांनी स्वतःच पराभव मान्य केला. बातमी अनपेक्षित होती, म्हणून तिचा धक्का मोठा होता. या निवडणुकीवरील अभ्यासांत परिणाम ठळकपणे नोंदला गेला.

त्या अभ्यासांकडेही मी थोड्या संशयाने पाहतो, हे कबूल केले पाहिजे. कार्टर यांचे पराभव-निवेदन आणि वाहिनीची घोषणा यांतील कोणत्या गोष्टीने मतदार थांबला हे वेगळे काढता येत नाही. आणि ‘तुम्ही निकाल कधी ऐकला, मत कधी दिले’ हे लोकांना नंतर विचारले तर उत्तर आठवणीतून येते. न जाणाऱ्याला न जाण्याचे सन्माननीय कारण हवे असते, आणि ‘निकाल तर लागलाच होता’ हे कारण फार सोयीचे आहे. मी स्वतः मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत शेकडो घरांत हे ऐकले आहे, फक्त तेथे कारणाची जागा ‘उन्हाने डोके दुखत होते’ किंवा ‘यादीत नावच सापडले नाही’ या वाक्यांनी घेतलेली असते. दुसऱ्या वाक्यातील तक्रार पुष्कळदा खरीही असते.

१९८० च्या निवडणुकीतील एक बाजू मात्र मला निकालाच्या घोषणेपेक्षाही महत्त्वाची वाटते. अमेरिकन मतदाराच्या मतपत्रिकेवर अध्यक्षापासून स्थानिक पदांपर्यंत अनेक लढती असतात. अध्यक्षपदाचा निकाल ऐकून जो घरी थांबला त्याने खालच्या सर्व लढतींतील मतही सोडले. कॅलिफोर्नियातील डेमोक्रॅटिक प्रतिनिधी जेम्स कॉर्मन हे त्या दिवशी हजाराहून कमी मतांनी पडले, ओरेगॉनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या बलाढ्य करविषयक समितीचे अध्यक्ष अल अलमन पराभूत झाले, आणि दोघांच्याही पक्षाने दोष त्या संध्याकाळच्या बातमीला दिला. वरच्या लढतीत काही लाखांचा फरक असेल तर घरी थांबलेल्या शंभर-दोनशे जणांनी तेथे काही बिघडत नाही. खालच्या लढतीत मात्र तेवढ्याच माणसांनी खुर्ची बदलते. आपल्याकडे लोकसभेला एकच बटण दाबायचे असते म्हणून हा मुद्दा दुर्लक्षिला जातो. पण नगर परिषदेत मतदार थेट नगराध्यक्षही निवडतो आणि प्रभागाचा सदस्यही, आणि प्रभागातील फरक कित्येकदा दोन आकड्यांत असतो. नगराध्यक्ष ‘निघालाच’ अशी आवई उठली, तर झळ प्रभागाला बसते.

आता थोडे सिद्धांताकडे. राइकर आणि ऑर्डशूक यांनी १९६८ मध्ये मांडलेला हिशेब साध्या भाषेत असा सांगता येतो: माझे मत निर्णायक ठरण्याची शक्यता गुणिले माझा उमेदवार जिंकल्याने होणारा लाभ, त्यातून मतदानाला जाण्याचा त्रास वजा, आणि त्यात कर्तव्य पार पाडल्याचे समाधान मिळवायचे. बेरीज शून्याच्या वर असेल तर माणूस मतदान करतो. नागपूर मतदारसंघात २०२४ मध्ये सुमारे २२ लाख मतदार होते आणि १२ लाखांच्या आसपास मते पडली. इतक्या मतांत एका मताने निकाल फिरण्याची शक्यता निकाल कळण्याआधीही शून्याला टेकलेलीच असते. मग ती आणखी कमी करून बातमीने काय साधले? कागदावर काहीच नाही. तरीही परिणाम दिसतो, याचे कारण माझ्या मते असे की मतदार संभाव्यतेचे गणित करीत नाही. तो एका चालू असलेल्या सामन्यात सामील होण्यासाठी जातो, आपल्या बाजूच्या माणसांबरोबर असण्यासाठी जातो. सामना संपल्याचे कळले की पाय आपोआप जड होतात. ज्याच्या मनात कर्तव्याची भावना घट्ट आहे त्याला बातमीने फरक पडत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या परिचयाच्या एक वयस्क आजी निकाल लागून गेला असता तरी काठी टेकत केंद्रावर गेल्या असत्या, याविषयी मला शंका नाही.

परंतु मतदार आणि बातमी यांच्यामध्ये आपल्याकडे एक तिसरा माणूस उभा असतो आणि परदेशी अभ्यास त्याची फारशी दखल घेत नाहीत. तो म्हणजे कार्यकर्ता. मतदान केंद्रापासून दोनशे मीटरच्या पलीकडे पक्षांची टेबले लागलेली असतात. तेथे यादीतून नाव शोधून चिठ्ठी दिली जाते, कोणत्या गल्लीतील किती मतदार आले याच्या खुणा यादीवर केल्या जातात, आणि चार वाजता राहिलेल्या नावांसाठी मुले घरोघरी धाडली जातात. नागपूरच्या दाट वस्त्यांत दुपारनंतरचे मतदान बव्हंशी या धावपळीवर उभे असते. मी एकदा पूर्व नागपुरातील एका शाळेबाहेर सर्वेक्षणासाठी थांबलो होतो. दुपारी तीनच्या सुमारास एका पक्षाच्या टेबलावर ‘दुसरीकडून फोन आला, आपली सीट गेली’ अशी कुजबुज सुरू झाली, आणि पाऊण तासात त्या टेबलावर रिकामी खुर्ची आणि पाण्याच्या पिशव्या एवढेच उरले. मतदारांना ती अफवा ठाऊकही नव्हती. त्यांना बोलवायला मात्र त्या दिवशी कोणी गेले नाही. माझ्या नोंदवहीतील त्या केंद्राचा शेवटचा दीड तास इतर केंद्रांच्या तुलनेत अगदी सुस्त आहे. एका केंद्रावरून नियम काढू नये हे मला कळते, परंतु ज्याने क्षेत्रकाम केले आहे त्याला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. ‘सीट निघाली’ असे वाटले तरी हेच होते, फक्त तेव्हा टेबलावरची माणसे खुशीत उठतात.

म्हणूनच नागपूरच्या कमी मतदानाचा दोष वाहिन्यांच्या अंदाजांवर टाकणे मला पटत नाही. लोकसभेला नागपुरात २०१४ मध्ये सुमारे ५७ टक्के, २०१९ मध्ये सुमारे ५५ टक्के आणि २०२४ मध्ये ५४ टक्क्यांच्या थोडे वर मतदान झाले. याच काळात नितीन गडकरी यांचे मताधिक्य सुमारे २ लाख ८४ हजारांवरून २ लाख १६ हजारांवर आणि पुढे १ लाख ३७ हजारांवर आले. लढत जवळची झाली की मतदान वाढते, हा नियम स्वित्झर्लंडमधील सार्वमतांच्या अभ्यासात चांगला सिद्ध झालेला आहे. नागपुरात मात्र फरक निम्म्याहून कमी झाला आणि मतदानही घटले. याचे उत्तर असे की मतदाराला खरा फरक ठाऊक नसतो, त्याला ठाऊक असते ती हवा. २०२४ ची हवा चौकाचौकांत २०१९ सारखीच सांगितली जात होती. एप्रिल आणि जून यांच्यामध्ये कोणी काय दाखवले याने तर काहीच बदलणार नव्हते, कारण पहिल्याच टप्प्यात नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर हे पाचही मतदारसंघ मोकळे झाले होते. त्याच दिवशी गडचिरोली-चिमूरमध्ये, काही भागांत दुपारी तीनलाच मतदान थांबवावे लागत असूनही, ७१ टक्क्यांच्या पुढे मतदान झाले. वाहिन्या दोन्हीकडे त्याच दिसत होत्या. शहराची अडचण यादीत आहे, स्थलांतरित आणि भाड्याने राहणाऱ्यांच्या बदललेल्या पत्त्यांत आहे, आणि धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागांतील अनास्थेत आहे.

मग बंदी कशासाठी? कारण नागपूर मोकळे झाले तरी देश मोकळा झालेला नसतो. अमेरिकेची आणि फ्रान्सची अडचण घड्याळाची आहे. आपल्याकडे डिब्रुगडपासून द्वारकेपर्यंत एकच वेळ चालते, परंतु २०२४ मध्ये मतदानाचे सात टप्पे १९ एप्रिलपासून १ जूनपर्यंत पसरले होते. पहिल्या टप्प्याचा अंदाज दुसऱ्या दिवशी छापला असता तर त्या क्षणी शिल्लक मतदार पाच-दहा टक्के नव्हे, देशातील बहुसंख्य असते. पहिली कडी जवळजवळ पूर्ण भरलेली. ही परिस्थिती फ्लोरिडासारखी नसून फ्रेंच पॉलिनेशियासारखी आहे, किंबहुना तिच्याहूनही पुढची, कारण मध्ये काही तास नव्हे तर कित्येक आठवडे असतात आणि पक्षांना त्या अंदाजांवर स्वार होऊन पुढचे टप्पे लढवता आले असते.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. निवडणूक आयोगाने १९९८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून जनमत चाचण्या व मतदानोत्तर चाचण्यांच्या प्रसिद्धीवर निर्बंध घातले; परंतु कायद्याचा आधार नसताना ते अमलात कसे आणणार, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात उभा राहिल्यावर १९९९ मध्ये त्या मागे घेतल्या गेल्या. पुढे २००९ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये कलम १२६-क आले. पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत मतदानोत्तर चाचणी घेण्यास आणि ती छापील वा इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून प्रसिद्ध करण्यास त्यात मनाई आहे, आणि दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. २०१७ मध्ये आयोगाला आणखी एक सूचना काढून सांगावे लागले की ज्योतिषी आणि टॅरो-वाचकांची भाकितेही याच मनाईच्या आशयात येतात. हे वाचून मला हसू आले होते, पण पळवाट शोधण्याच्या आपल्या प्रतिभेची आयोगाला पुरेपूर कल्पना आहे हेही त्यातून दिसले. सट्टा बाजाराचे भाव ही दुसरी पळवाट. २०२४ मध्ये राजस्थानातील फलोदीचे भाव टप्प्याटप्प्यांच्या मधल्या दिवसांत सर्रास बातम्यांत येत होते, आणि इतवारीतील दुकानांच्या ओट्यावर त्यांची चर्चा कोणत्याही चाचणीइतक्याच गांभीर्याने चाले. मतदाराच्या दृष्टीने ‘अमुक पक्षाला इतका भाव’ आणि ‘अमुक पक्षाला इतक्या जागा’ यांत फरक नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र आहे.

मतदाराला अजाण समजले जाते का, या त्या विद्यार्थ्याच्या आक्षेपाला माझे उत्तर असे की बंदीचा खरा आधार मतदानाची घट हा नाहीच. कॅनडात हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २००० च्या निवडणुकीत ब्रिटिश कोलंबियातील पॉल ब्रायन यांनी अटलांटिक किनाऱ्यावरील निकाल पश्चिमेकडील केंद्रे बंद होण्याआधी आपल्या संकेतस्थळावर टाकले. २००७ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने मनाई कायम ठेवली. तेथे मुद्दा होता तो माहितीच्या समानतेचा: एका भागातील मतदार अंधारात मत देतो आणि दुसऱ्या भागातील मतदार निकाल पाहून देतो, हे न्याय्य नाही. पुढे समाजमाध्यमांच्या काळात ही मनाई राबवणे अशक्य झाल्याने कॅनडाने ती काढून टाकली आणि २०१५ ची निवडणूक तिच्याविना झाली. काही तासांची मनाई तेथे टिकली नाही, मग आपली सहा आठवड्यांची किती टिकेल, हा प्रश्न मला गंभीर वाटतो. तरीही मला ती हवी आहे, कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा निनावी आकडा आणि एखाद्या नामांकित संस्थेच्या नावानिशी वाहिनीवर रात्री आठला झळकणारा आकडा यांना मतदार सारखे वजन देत नाही. कार्यकर्ता तर मुळीच देत नाही.

हा समानतेचा मुद्दा अलीकडे आपल्याच शहरात, सिव्हिल लाइन्समध्ये, ऐकला गेला. राज्यातील नगर परिषदा आणि नगर पंचायतींचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी झाले आणि मतमोजणी ३ डिसेंबरला ठरली होती. परंतु न्यायालयीन अपिलांमुळे काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरवर गेले होते. पहिल्या गटाचे निकाल आधी लागले तर २० तारखेच्या मतदारांवर त्यांचा प्रभाव पडेल, असा आक्षेप मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला, आणि खंडपीठाने सर्वच ठिकाणची मतमोजणी २१ डिसेंबरला ढकलून २० तारखेचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांनाही मनाई केली. कलम १२६-क लोकसभा व विधानसभेच्या निवडणुकांसाठी आहे. स्थानिक संस्थांच्या बाबतीत ती पोकळी न्यायालयाच्या आदेशाने भरून निघाली. उमेदवारांनी कुरकुर केली, यंत्रे अठरा-एकोणीस दिवस पहाऱ्यात ठेवावी लागली, आणि विजयासाठी मागवलेला गुलाल पोत्यांतच राहिला.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला या आदेशाची आजही हळहळ वाटते. ३ डिसेंबरला मोजणी झाली असती तर निकाल ठाऊक असलेले मतदार आणि ठाऊक नसलेले मतदार यांची तुलना करण्याची संधी महाराष्ट्रात प्रथमच मिळाली असती, आणि फ्रान्सच्या बेटांवर विसंबून राहण्याची आमची गरज संपली असती, असे तो म्हणतो. मी त्याला एवढेच विचारले की २० तारखेला मत देणाऱ्या गावांत त्याचे स्वतःचे नाव यादीत असते, तर त्याने हा प्रयोग होऊ दिला असता का. त्याने चहा संपवला आणि विषय बदलला.